1927 चा 'अंडरवर्ल्ड' कसा बघायचा: स्टर्नबर्गच्या सिनेमात पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

जुने अमेरिकन सिनेमे बघायचेत पण सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी बिनधास्त जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'अंडरवर्ल्ड' सांगते. मूकपट आहे, काळापांढरा आहे, पॅरामाउंटने 1927 मध्ये काढलेला, जेमतेम 80 मिनिटांचा. एक दरोडेखोर, त्याची मैत्रीण आणि दारूत बुडालेला एक वकील, एवढ्या तिघांची गोष्ट. गँगस्टर पिक्चरचा साचा इथे पक्का झाला असं लिहिलेलं सगळीकडे वाचायला मिळेल आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे, पण त्याच अपेक्षेने बसलात तर पहिल्या अर्ध्या तासात वाटेल की अरे गोळीबार कुठंय. या दिग्दर्शकाला गोळीबारात फारसा रस नाहीच. त्याला रस आहे कोण कोणाकडे बघतंय यात, आणि बघताना त्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय यात. हे एकदा डोक्यात बसलं की सिनेमा उलगडायला लागतो. तर कसा बघायचा ते टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी प्रिंट नीट निवडा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल पण सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. 1927 च्या सिनेमांचे अमेरिकेतले हक्क जानेवारी 2023 मध्ये संपले, त्यामुळे आता 'अंडरवर्ल्ड' च्या कॉप्या नेटवर सहज मिळतात, पण त्यातल्या कित्येक इतक्या धुरकट असतात की चेहरा म्हणजे पांढरा डाग आणि बाकी सगळा काळोख. दुसरा एखादा सिनेमा असता तर चालूनही गेलं असतं. इथे सगळी मजा काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या राखाडी छटांची आहे, तीच गेली तर उरते ती साधी गोष्ट, आणि नुसत्या गोष्टीसाठी हा सिनेमा बघण्यात अर्थ नाही. एक सोपी टेस्ट आहे. नायिकेच्या कपड्यांवर पिसं असतात, ती वेगवेगळी, मऊ, कडांना चमकणारी दिसतायत का बघा. दिसली तर प्रिंट चांगली. नुसता पांढरा गोळा दिसला तर दुसरी शोधा.

मग वेग बघा. माणसं टुकूटुकू धावल्यासारखी चालत असतील तर ती कॉपी चुकीच्या वेगाने चढवलेली आहे, मूकपटात सगळे असेच पळतात हा समज त्यातूनच झालाय. आणि संगीत. थिएटरमध्ये मूकपट कधीच मुका नव्हता, मोठ्या शहरात अख्खा ऑर्केस्ट्रा असायचा, छोट्या गावात निदान एक पियानो. जुने सिनेमे नीट करून डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीने 2010 मध्ये स्टर्नबर्गच्या तीन मूकपटांचा संच काढला त्यात या सिनेमाला दोन वेगवेगळे स्कोअर, म्हणजे पार्श्वसंगीत, दिलेत, एक रॉबर्ट इस्राएलचा आणि एक अलॉय ऑर्केस्ट्राचा. पहिल्या वेळी इस्राएलचा लावा, तो जुन्या वळणाचा आहे, दृश्याच्या मागे मागे चालतो. अलॉयवाले तालवाद्यांवर जोर देतात, ते दुसऱ्या वेळेला जास्त आवडेल. काहीच मिळालं नाही तरी आवाज बंद करून बघू नका.

आणि हो, फोनवर नको. खोलीत अंधार करा, जमेल तेवढा मोठा स्क्रीन घ्या, आणि 80 मिनिटं एका बैठकीत बघा.

माणसं ओळखून घ्या

बुल वीड म्हणजे जॉर्ज बॅनक्रॉफ्ट. धिप्पाड, मोठ्याने हसणारा, बँका फोडणारा. मूकपट असूनही त्याचं हसणं ऐकू येतं असं वाटतं इतकं ते अंगभर आहे. फेदर्स म्हणजे एव्हलिन ब्रेंट, बुलची मैत्रीण. रोल्स रॉइस म्हणजे क्लाइव्ह ब्रूक, एकेकाळचा वकील, आता दारुडा. माझ्याकडून कुठे काही फुटणार नाही, तोंड बंद ठेवण्याच्या बाबतीत मी रोल्स रॉइस आहे असं तो बुलला सांगतो आणि तेच त्याचं नाव पडतं. चौथा बक मलिगन, बुलचा वैरी, काम फ्रेड कोहलरचं. याचं बाहेरून दाखवायला फुलांचं दुकान आहे. शिकागोत डीन ओ'बॅनियन नावाचा खराखुरा गुंड होता, त्याचंही फुलांचं दुकान होतं आणि 1924 मध्ये त्याला त्याच दुकानात गोळ्या घातल्या. मूळ कथा लिहिणारा बेन हेक्ट शिकागोचाच बातमीदार, त्यामुळे मलिगनचं दुकान दिसलं की ओ'बॅनियन आठवतोच.

या चौघांच्या ॲक्टिंगची पातळी एकसारखी नाही हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. बॅनक्रॉफ्ट सगळं मोठं मोठं करतो, ब्रूक जवळजवळ काहीच करत नाही, आणि ब्रेंट फक्त थांबते. खूप जण म्हणतात मूकपटात ओव्हरॲक्टिंग असतं म्हणून बघवत नाही, त्यांनी या सिनेमात फक्त ब्रूकचे डोळे बघावेत. दारू सुटल्यावर तो माणूस बदलतो पण एकही मोठा हावभाव न करता, आधी खांदे बदलतात, मग नजर.

पहिली काही मिनिटं वाया घालवू नका

मूकपटात मधेमधे मजकुराच्या पाट्या येतात, त्यातल्या सुरुवातीच्या पाटीवर मोठं शहर आणि मध्यरात्र, रस्ते सुनसान, चांदणं पडलंय, इमारती कुठल्यातरी विसरलेल्या काळातल्या असाव्यात अशा रिकाम्या, असं वर्णन येतं. वाचून घ्या, कारण दिग्दर्शक तिथेच सांगून टाकतो की मी तुम्हाला पेपरातलं शहर दाखवणार नाहीये. दारूबंदीचा काळ आहे, खऱ्या शिकागोत टोळ्या दारूच्या धंद्यावर गब्बर होतायत, पण बुल वीड दारूच्या धंद्यात दिसतच नाही, तो बँक फोडतो, जवाहिऱ्याला लुटतो. जुन्या काळच्या एकट्या दरोडेखोरासारखा.

मग स्फोट होतो, बुल बँकेतून बाहेर पडतो, आणि रस्त्यावर झिंगलेला रोल्स रॉइस त्याला ओळखतो. इतक्या झटपट दोन माणसं एकमेकांना बांधली जातात की एकदा मान वळवली तर चुकेल. पाट्यांवरची भाषा तेव्हाच्या बोलीतली आहे, थोडी तिरकी, एखादा शब्द अडला तर अडू द्या. अनेक वेळा ओठ हलतात आणि पाटी येतच नाही. घाबरायचं नाही, दिग्दर्शकाला ते वाक्य तुम्हाला वाचून दाखवायचं नसतंच, त्याला तुम्ही चेहऱ्याकडे बघायला हवंय.

पीस आणि पिकदाणी

आता ड्रीमलँड कॅफेचा सीन. हा सीन आला की जरा सरसावून बसा, कारण स्टर्नबर्ग काय चीज आहे ते इथे कळतं.

फेदर्स जिन्याच्या वर उभी आहे. रोल्स रॉइस खाली झाडू मारतोय, अंगावर मळके कपडे, समाजातली सगळ्यात खालची जागा म्हणतात ती. तिच्या पिसांमधलं एक पीस सुटतं आणि तरंगत तरंगत खाली येतं, त्याच्यापर्यंत. तो वर बघतो. झालं. पुढचा अख्खा प्रेमाचा त्रिकोण त्या पिसात आलाय आणि कोणी एक शब्द बोललेलं नाही. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने इथे दोन पाट्या टाकल्या असत्या, ती कोण आहे, तो का बघतोय वगैरे. स्टर्नबर्ग ते पीस पडायला लागतो तेवढा वेळ देतो आणि पुढे जातो.

त्याच ठिकाणी बक मलिगन दहा डॉलरची नोट पिकदाणीत टाकतो आणि रोल्स रॉइसला म्हणतो उचल. तो उचलत नाही. बघा, वर मऊ हलकं पीस आणि खाली घाणेरडी पिकदाणी, आणि मधे हा माणूस उभा, ज्याला एक वस्तू वर बोलावतेय आणि दुसरी खाली खेचतेय. हे मी ओढूनताणून लावत नाहीये, हा दिग्दर्शक नेहमी वस्तूंमधूनच बोलतो. हा पिकदाणीचा प्रसंग सिनेमावाल्यांना इतका भावला की 1959 च्या 'रिओ ब्राव्हो' मध्ये हॉवर्ड हॉक्सने तो जवळपास तसाच घेतला, तिथे दारुडा डीन मार्टिन आहे.

कॅफेनंतर बाहेर एक विजेची जाहिरात दिसते, शहर तुमचं आहे अशा अर्थाची. बुल ती दाखवून फुशारक्या मारतो. पाच वर्षांनी 'स्कारफेस' मध्ये अशीच पाटी आली, फक्त शहराच्या जागी जग, आणि त्याच्या लेखनातही बेन हेक्टच होता. गँगस्टर पिक्चरांमध्ये जे जे ओळखीचं वाटतं त्यातलं बरंच इथून निघालंय. अर्थात गुंडांवरचे सिनेमे याआधीही होते, दिग्दर्शक ग्रिफिथचा 1912 चा आहे, दिग्दर्शक राउल वॉल्शचा 1915 चा आहे, त्यामुळे हा पहिलाच असं कोणी ठोकून दिलं तर मान डोलावू नका.

उजेड बघायला शिका

आता मुद्द्याची गोष्ट. स्टर्नबर्गची स्टाइल म्हणजे काय? थोडक्यात, कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये जी रिकामी जागा असते ती त्याला मेलेली वाटायची, आणि ती जिवंत करण्यासाठी तो तिथे काहीतरी आणून ठेवायचा. धूर, जाळी, गज, पडदा, सावली, पिसं, कागदाच्या फिती. तुम्ही माणसाकडे थेट बघत नाही, कशातून तरी बघता. त्यामुळे डोळा थोडा जास्त मेहनत घेतो आणि समोरचा माणूस मिळवल्यासारखा वाटतो.

प्रॅक्टिस कशी करायची ते सांगते. कुठलाही एक सीन घ्या आणि गोष्ट विसरून फक्त तीन गोष्टी शोधा. उजेड कुठल्या बाजूने येतोय? चेहऱ्याचा कुठला भाग अंधारात ठेवलाय? आणि माणसाच्या पुढे, म्हणजे आपल्या बाजूला, काय आहे? सुरुवातीला हे गणित सोडवल्यासारखं वाटेल पण पाच दहा मिनिटांत डोळ्याला सवय होते, आणि मग एक गंमत लक्षात येते. बुलवर बहुतेक वेळा उजेड सपाट, मोकळा, लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. फेदर्सवर तो मागून, कडेने, पिसांवरून गाळून येतो, ती काय विचार करतेय हे पूर्ण कधीच कळत नाही. आणि रोल्स रॉइस जसजसा सावरतो तसतसा त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड स्वच्छ होत जातो. मला तरी तो असाच दिसतो, तुम्ही बघा, वेगळं दिसलं तर तेही खरंच.

कॅमेरा बर्ट ग्लेननचा, सेट हान्स ड्रायरचे. ड्रायर जर्मनीतून आलेला, आणि ती जर्मन सावल्यांची शाळा सेटवर दिसतेच. पण उजेड कुठे टाकायचा हे स्टर्नबर्ग स्वतः ठरवायचा, तो फिल्म दुरुस्त करण्याच्या, साफ करण्याच्या कामातून वर आलेला माणूस होता, तांत्रिक बाजू त्याला हातच्या रेषांसारखी माहीत होती. पुढे 1935 च्या 'द डेव्हिल इज अ वुमन' ला तर कॅमेरामन म्हणून त्याचंच नाव आहे.

हिंसा कुठे गेली ते शोधा

जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा येतो तेव्हा स्टॉपवॉच लावल्यासारखं बघा. भराभर काही शॉट, आणि संपला. आजच्या पिक्चरमध्ये याच दरोड्यावर वीस मिनिटं गेली असती, प्लॅन, नकाशा, टीम जमवणं. इथे दरोडा फक्त एवढ्यासाठी आहे की बुलला फेदर्सला दागिना द्यायचाय आणि आळ मलिगनवर ढकलायचाय. तो दागिना तिच्यापर्यंत आला की कॅमेरा निवांत होतो. सिनेमाभर हेच गणित आहे, गुन्हा पटकन, भावना सावकाश. हे धरून बघितलं की संथ वाटणारे सीन संथ वाटत नाहीत.

टोळीवाल्यांचा बॉल

मधोमध गुंडांचा बॉल, म्हणजे वार्षिक नाचाची पार्टी आहे. एका रात्रीपुरती सगळ्या टोळ्यांची वैरं बंद, राणी निवडण्यासाठी मतदान, दारूचा पूर. स्टर्नबर्ग इथे खोली कागदी फितींनी आणि तुकड्यांनी इतकी भरून टाकतो की माणसं त्यातून वाट काढत चालतात. सुरुवातीला छान दिसतं, रंगीबेरंगी असेल असं वाटतं, मग हळूहळू तोच कचरा गळ्याशी येतो. मधेच चेहऱ्यांची एक भराभर मालिका येते, एकामागून एक क्लोजअप, हसणारे, झिंगलेले, विचित्र. पहिल्यांदा बघताना थांबवू नका, अंगावर येऊ द्या. दुसऱ्या वेळी मात्र एकेक चेहरा थांबवून बघा. बुल झिंगून पडलाय, मलिगन फेदर्सच्या मागे लागलाय, आणि जे व्हायचं ते होतं. गोष्ट इथून वळते आणि बुल फाशीच्या कोठडीपर्यंत जातो.

त्यानंतर काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की रोल्स रॉइस आणि फेदर्स यांच्यापुढे पळून जायचं की मित्राला सोडवायचं हा प्रश्न येतो, आणि बुलला कळत नाही की त्या दोघांनी त्याला दगा दिलाय की नाही. शेवटचा मोठा भाग या एका संशयावर उभा आहे. बाहेर पोलिस, मशिनगन, खिडक्या फुटतायत, आणि आत माणूस एकाच गोष्टीचं उत्तर शोधतोय. बॅनक्रॉफ्टचा चेहरा बघा तेव्हा. सिनेमाभर एवढा मोठा हसणारा माणूस इथे बारीक होत जातो. त्याआधी लपूनछपून असताना तो एका भुकेल्या मांजरीच्या पिल्लाला बोटाने दूध चाटवतो, तो छोटासा सीन खूप जणांना भावुक आणि उगाच वाटतो, मला अजिबात तसं वाटत नाही. तो सीन नसता तर शेवटी हा माणूस जे करतो ते पटलंच नसतं.

बघून झाल्यावर थोडी माहिती

हे आधी वाचलं तरी चालेल पण नंतर जास्त भिडतं. स्टर्नबर्गचा जन्म 1894 चा, व्हिएन्नातलं गरीब ज्यू कुटुंब, लहानपणीच अमेरिकेत आला. ते 'फॉन' जन्माने मिळालेलं नाही, पुढे सिनेमात आल्यावर नावाला लागलं. पहिला सिनेमा 'द साल्व्हेशन हंटर्स', 1925, अगदी थोडक्या पैशात केलेला, तो चॅप्लिनने उचलून धरला. चॅप्लिनने मग त्याच्याकडून एक सिनेमा करून घेतला पण तो कधी प्रदर्शितच केला नाही आणि नंतर तो नष्ट केला गेला. म्हणजे 'अंडरवर्ल्ड' हातात आला तेव्हा या माणसाच्या करिअरचं काही खरं नव्हतं, आणि तोही आधी दुसऱ्या दिग्दर्शकाकडे होता.

बेन हेक्टला तयार सिनेमा बिलकुल आवडला नाही. त्याने बातमीदाराच्या नजरेने कोरडं, कडक लिहिलेलं आणि स्टर्नबर्गने त्याचं स्वप्न करून टाकलं. माझं नाव काढून टाका म्हणून त्याने कळवलं. नाव राहिलं, सिनेमा न्यूयॉर्कमध्ये तुफान चालला, आणि मे 1929 मध्ये पहिलंवहिलं ऑस्कर वाटप झालं तेव्हा मूळ कथेचं बक्षीस हेक्टलाच मिळालं. मला वाटतं दोघांचंही काहीतरी बरोबर होतं. हेक्टची हाडं नसती तर सिनेमा नुसता धूर झाला असता, आणि स्टर्नबर्गचा उजेड नसता तर ती गोष्ट आज कोणाला आठवली नसती. बोर्हेससारखा लेखक आणि ब्युन्युएलसारखा दिग्दर्शक या सिनेमाचे चाहते होते, आणि ते काही गोळीबारासाठी नक्कीच नव्हे.

दुसऱ्यांदा बघा, मग पुढे जा

आठवडाभर जाऊ द्या आणि पुन्हा लावा, या वेळी फक्त फेदर्सवर लक्ष ठेवा. पहिल्या वेळी आपण बुलच्या मागे फरफटत जातो, कारण तो सारखा हलतो. दुसऱ्या वेळी दिसतं की सगळे निर्णय तिच्या चेहऱ्यावर आधी होतात आणि पुरुषांना उशिरा कळतात. ब्रेंटला याचं श्रेय फार कमी मिळतं. पाट्या आता पाठ झालेल्या असतात, त्यामुळे वाचण्यात वेळ जात नाही.

त्यानंतर 'द डॉक्स ऑफ न्यूयॉर्क', 1928. तोच बॅनक्रॉफ्ट, पण जहाजावर कोळसा टाकणारा, एका रात्रीची गोष्ट, आणि धुकं असं वापरलंय की बास. माझ्या मते तो 'अंडरवर्ल्ड' पेक्षाही सरस आहे पण तिथून सुरुवात करू नका, गोष्ट इतकी थोडी आहे की डोळा तयार नसेल तर हातातून निसटते. त्याच वर्षीचा 'द लास्ट कमांड' बघा, एमिल यानिंग्ज आणि पुन्हा एव्हलिन ब्रेंट. मग 1929 चा 'थंडरबोल्ट', बॅनक्रॉफ्ट परत गुन्हेगार, पण आता बोलपट, आणि उजेडाशी खेळणारा माणूस आवाजाशी कसा खेळतो ते ऐकायला मिळतं. स्टर्नबर्गने मार्लेन डीट्रिच या अभिनेत्रीला घेऊन केलेले सिनेमे, 'द ब्ल्यू एंजल', 'मोरोक्को', 'शांघाय एक्सप्रेस', हे त्याच्या नंतर घ्या. सगळे लोक डीट्रिचपासून सुरू करतात आणि मग त्या जाळ्या आणि पडदे नुसती सजावट वाटतात. एव्हलिन ब्रेंटची पिसं आधी बघितलेली असली की 'शांघाय एक्सप्रेस' मध्ये डीट्रिच काळ्या पिसांत आणि जाळीत समोर येते तेव्हा तुम्हाला कोणी काही समजावून सांगावं लागत नाही.